पाण्याच्या फळ्यावरची बंद घरं

मी दारावर चिकटवलेल्या कागदाची खळ अजून ओलीच होती, आणि ते दार आतून उघडलं.

कागदावर मी माझ्या वळणदार अक्षरात दोन ओळींत लिहिलं होतं: 'हे घर' आणि खाली 'रिकामे आहे'. दारात तळमजल्यावरचा विणकर उभा होता, डोक्याचा ताजा गोटा केलेला. त्याचे वडील तिकडे तेलंगणात गावी वारले होते. दिवस घालून ती मंडळी आदल्या संध्याकाळी परत आली होती. ही गोष्ट वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होती, मी सोडून.

त्याने कागद सावकाश वाचला. मग म्हणाला, "व्हय. रिकामं तर झालंयच म्हणा."

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. मी म्हणालो, "नाही, म्हणजे, दारात बरेच दिवस रांगोळी दिसली नाही ना, म्हणून."

"सुतकात कोण रांगोळी काढतंय भाऊजी?" आतून त्याची बायको म्हणाली.

मी घाईघाईने कागद ओढला. पण खळ आमच्या घरची, मैद्याची, माझ्या बायकोने शिजवलेली. 'हे घर' माझ्या हातात आलं आणि 'रिकामे आहे' दारावरच राहिलं. मग दुखवट्यातल्या माणसासमोर उभा राहून मी ते नखांनी खरवडत बसलो. शेवटी त्यालाच माझी दया आली. तो म्हणाला, "राहू दे आता, ओल्या फडक्यानं काढतो मी. तुम्हाला दुकानाला उशीर होत असंल."

आमची वसाहत सरकारी आहे. दोन इमारती, अ आणि ब. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही. घरं भाड्याची, विकता येत नाहीत आणि दुसऱ्याला देताही येत नाहीत. गाव सोडलं की चावी वसाहतीच्या कार्यालयात जमा करायची, म्हणजे ते घर रांगेतल्या पुढच्या माणसाला मिळतं. असा नियम आहे. माणसं मात्र चावी जमा करत नाहीत, कुलूप लावून जातात. सोलापुरात पुन्हा कधी घर मिळेल न मिळेल, असू दे आपलं, असा हिशेब.

आम्ही राहतो ब इमारतीत, पहिल्या मजल्यावर. आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, अम्मा राहायच्या. हयातभर विड्या वळलेल्या. दुपारी फाटकाजवळच्या लिंबाखाली बायकांचा घोळका बसायचा, त्यात मधोमध अम्मांचं सूप. हात विड्यांवर आणि डोळे जाणाऱ्या-येणाऱ्यावर. मी दुकानातून लवकर आलो तरी विचारायच्या आणि उशिरा आलो तरी विचारायच्या. मग एके दिवशी त्या न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, चार पावलं टाकायला लागल्या, पण जिना काही त्यांना जमेना. तेव्हापासून त्या वरच. मुलगा लूमवर, सून घरी विड्या वळते, आणि अम्मा खाटेवर. कुणीही वर गेलं की एकच विचारायच्या, "किंदकी एप्पुडु?" म्हणजे, खाली कधी?

सुनेने तळमजल्यावर घर बदलून मिळावं म्हणून अर्ज केला होता. कार्यालयातून उत्तर आलं, तळमजल्यावर एकही घर रिक्त नाही. अम्मांच्या सुनेने तो कागद मला वाचायला आणून दिला, कारण मी नव्या पेठेतल्या चादरीच्या दुकानात हिशेब लिहितो आणि म्हणून मला सरकारी मराठी कळतं असा तिचा समज आहे. मी कार्यालयात जाऊन विचारलं, की अहो, इतकी कुलपं दिसतात ती काय आहेत? तिथले बाबू समजावणीच्या सुरात म्हणाले, "ती बंद आहेत. बंद म्हणजे रिक्त नव्हे. चावी आमच्याकडे जमा झाली की रिक्त."

मला ते पटलं नाही आणि मी तिथेच ठरवलं, आपण रिकामी घरं शोधायची आणि सगळ्यांना दिसतील अशी करायची. दारादारावर कागद लावायचे. मग बघू, कसं म्हणतात एकही नाही.

आता यातली अडचण सांगतो. तळमजल्यावरचं जिन्याला लागून असलेलं घर, अम्मांना सगळ्यात सोयीचं, उन्हाचं, त्यालाही कुलूप होतं. ते माझ्या मेहुण्याचं. तो माळशिरसकडचा. नोकरीला सोलापुरात आला, घर मिळालं, मग अकलूजला डेअरीत चांगलं काम मिळालं तसा बायकापोरांसह परत गेला. चावी आमच्या घरात, कॅलेंडरच्या खिळ्याला. तेव्हा मी वसाहतभर रिकामी घरं हुडकत हिंडत होतो ते जनसेवेसाठी तर होतंच. पण तळमजल्यावर दुसरं एखादं सापडावं आणि मेहुण्याचा विषय निघू नये, असंही मनात होतं. म्हणून तर दारात रांगोळी नाही एवढ्यावर मी खळीचं भांडं घेऊन धावलो.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. आधी तिने पिठलं-भाकरी केली, कारण दुखवट्याच्या घरी बाहेरून जेवण न्यायची रीत आहे, आणि डबा माझ्याच हातात दिला. "तुमीच न्या. तोंड लपवून बसू नका." मी नेला. विणकराने डबा घेतला आणि माझ्याकडे बघून हसला, म्हणजे जेवढं हसता येतं तेवढं.

परत आलो तेव्हा ती म्हणाली, "रांगोळीवरनं घर वळखायला तुमी काय कुनाच्या सासूबाई हाय का?"

"मग कशावरून ओळखायचं?"

"पान्याच्या दिवशी बगा की. सुतक असू दे, सोयर असू दे, दार उगडल्याबिगर पानी येतंय व्हय घरात? त्या दिवशी ज्याला कुलूप, ते रिकामं."

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. आज आलं की पुन्हा चार-पाच दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा. त्यामुळे आमच्याकडे लग्नाची तारीख चुकेल पण पाण्याचा दिवस चुकत नाही. फाटकाशी एक काळा फळा आहे, त्यावर पाणी सोडणाऱ्याकडून कळेल तसं कुणीतरी लिहितं: 'पाणी उद्या सकाळी', 'पाणी लांबले'. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या फळ्याकडे बघितल्याशिवाय पुढे जात नाही. ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याला थांबवून वाचून घेतो. वर्तमानपत्रालासुद्धा इतके वाचक नसतील. बायको म्हणाली, "दाराला कागद कशाला लावताय? तितं लिवा."

पुढच्या पाण्याला मी पहाटेच दोन्ही इमारती फिरलो. जिन्यात पाइपांची वेटोळी, घागरी, मोटारींची घरघर, दारं सताड उघडी, आणि मधेमधे एखादं दार आपलं गप्प. ते गप्प दार लगेच दिसत होतं. मी नंबर घेत गेलो आणि फळ्यावर पाण्याच्या ओळीखाली लिहिलं, 'आज पाणी भरले नाही, कुलूप आहे', आणि खाली घरांचे नंबर. 'रिकामे' हा शब्द मुद्दाम टाळला. एकदा तोंड पोळलं होतं.

गर्दी जमली. आमच्याकडे एक निवृत्त कंडक्टर आहेत, अजून सगळ्यांना पुढे सरका म्हणतात. ते फळा वाचून म्हणाले, "अक्षर झकास. पण पाहुणं एक शीट रिकामं दिसतंय आणि तिकीट फाडलं न्हाय तुमी."

मला कळलं. सगळ्यांनाच कळलं. मेहुण्याच्या घराचा नंबर मी लिहिला नव्हता. अम्मांची सून कमरेवर घागर घेऊन उभी होती. तिने फळ्यावरून नजर काढून घागर दुसऱ्या कमरेवर घेतली, एवढंच.

"राहिला असेल," मी म्हणालो. "घाईत."

"जिन्याखालनं रोज जाताय की भाऊजी," कुणीतरी म्हणालं. "तितं कसली घाई?"

तेवढ्यात बायको पुढे आली. हाताला पाणी होतं ते पदराला पुसलं, माझ्या हातातला खडू घेतला आणि सगळ्यात खाली तो नंबर लिहिला. तिचं अक्षर माझ्यापेक्षा मोठं आहे. मग खडू माझ्या हातात देऊन ती घागर उचलायला गेली, जणू पाण्याचीच वेळ लिहिली होती.

दुपारी दुकानात फोन. गिऱ्हाइकाला मी चादरीची घडी मोडून दाखवत होतो.

"दाजी, फळ्यावर माझं नाव लिवलं म्हनं."

"नाव नाही रे. नंबर."

"नंबर म्हंजी नावच की. आवो, माझं घर बंद हाय, रिकामं न्हाय. सामान हाय तितं माझं."

सामान म्हणजे एक लोखंडी खाट आणि बिघडलेला कूलर. मी तसं म्हणालो.

"पोराला कॉलेजला सोलापूरला घालनार हाय मी."

"पोरगं पाचवीत आहे तुझं."

"मग? सहावीत जानारच की."

मी म्हणालो, "तुझ्या बहिणीने लिहिलंय." तो म्हणाला, "आक्कानं?" आणि फोन बंद.

रविवारी तो आला. दर खेपेला पिशवीभर पेरू नाहीतर गूळ घेऊन येणारा माणूस, या खेपेला मोकळ्या हाताने आला. बहिणीने पाणी दिलं. तो रागाने बोलायला लागणार तोच ती म्हणाली, "पी आदी. आनि वर चल माज्यासंगं." मीही मागोमाग गेलो. कुणी काही सांगितलं नाही, भाषण नाही, विनवणी नाही. अम्मांनी खाटेवरून त्याच्याकडे बघितलं. त्यांना वाटलं असावं, कार्यालयाचा कुणी साहेब आलाय, कारण त्याने पँटीत शर्ट खोचला होता. त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, "किंदकी एप्पुडु?"

"काय म्हनत्यात?" मेहुण्याने विचारलं.

"खाली कधी, म्हणतात," सून म्हणाली. "सगळ्यांना विचारतात. तुमी बसा, च्या करते."

तो बसला. चहा घेतला. विड्यांचं सूप बाजूला सरकवून सुनेने त्याला जागा केली होती. कूलरचा विषय त्याने काढला नाही. खाली येताना मात्र तो प्रत्येक मजल्यावर थांबून जिना बघत होता, जणू आधी कधी चढलाच नव्हता. घरी आल्यावर चावी जमा करायच्या कागदावर सही केली. उठताना म्हणाला, "चावी देतो. पन आक्का, चारचौघांत फळ्यावर लिवायचं ह्ये बरं न्हाय केलंस. मला फोन करायचास."

"केला असता तर दिली असतीस?"

तो जेवायलाही थांबला नाही. खाट आणि कूलर भंगारवाल्याला द्या म्हणाला आणि गेला. बायकोने त्याच्यासाठी थापलेल्या भाकरी आम्ही दोन वेळा खाल्ल्या.

मी चावी घेऊन कार्यालयात गेलो. मला वाटत होतं, आता पेढे. बाबूंनी चावी घेतली, पोच दिली. म्हणाले, "आता हे घर रिक्त."

"मग अम्मांना द्या. अर्ज तुमच्याकडे आहेच."

"रिक्त म्हणजे लगेच देण्याजोगं नव्हे. आधी दुरुस्ती."

"काय दुरुस्त करायचंय?"

"ते पाहणीनंतर कळेल."

"पाहणी कधी?"

"माणूस मोकळा झाला की."

मी हिशेब लिहिणारा माणूस, मला पायऱ्या लक्षात राहतात. बंद म्हणजे रिक्त नव्हे, रिक्त म्हणजे देण्याजोगं नव्हे. अशाने अम्मांचा जिना उतरायचा तर नाहीच, वर कार्यालयाचा चढायचा. बाहेर आलो तेव्हा मला राग आला होता, आणि मला राग आला की मी सहसा घरी येऊन झोपतो. पण त्या दिवशी सरळ फाटकाशी गेलो आणि फळ्यावर लिहिलं: 'ब तळमजला, जिन्याजवळ. चावी जमा झाली. पाहणी झाली नाही. घर कुणाला दिले नाही.'

मग दर पाण्याला तेच. पाणी आलं की मी फळा पुसायचो आणि बंद घरांची ओळ नव्याने लिहायचो. एखादं उघडलं तर काढायचो. लोक दुरुस्त्या करायला लागले. "ह्ये खोडा, त्येंची लेक दवाखान्यात हाय, बंद न्हाय ते." मी खोडायचो. "त्या अ मधल्या घरात कुनी ऱ्हात न्हाय, टॉवेलाचे गठ्ठे ठेवलेत." ते लिहायचो. एकदा रात्रीतून कुणी सगळं पुसून टाकलं, पाण्याची ओळ तेवढी ठेवली. मी सकाळी पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं, पुन्हा लिहिलं. गठ्ठेवाल्याने मला वाटेत गाठून विचारलं, "तुम्हाला दुसरं काम नाही का?" मी म्हणालो, "आहे की, नव्या पेठेत. हे पाण्याच्या दिवसाचं."

तो गोटा केलेला विणकर एकदा रंगाचा डबा आणि पट्टी घेऊन आला आणि फळ्याला पांढऱ्या रेघा मारून दिल्या. त्याच्या डोक्यावर तोवर केस बऱ्यापैकी आले होते. म्हणाला, "अक्षर चांगलं हाय भाऊजी तुमचं, पण वळी वर चढत्यात. आन ह्या रेघा काय पुसायच्या न्हाईत." खरंच, रेघांमुळे झालं असं, की कुणी मजकूर पुसला तरी रिकामे रकाने उरायचे आणि लोक विचारायचे, आज का नाही लिहिलं?

शेवटी बाबू पाहणीला आले. त्यांचं दुर्दैव असं, की नेमके पाण्याच्या सकाळी आले. फाटकातच बायकांचा पाइप-घागरींचा वेढा. त्यांनी फळा वाचला.

"हे कोणी लिहिलंय?"

मी पुढे होणार तर कंडक्टर म्हणाले, "आम्ही सगळ्यांनी."

"असं जाहीर लिहिता येत नाही. बंद घरांचे नंबर वाचून कुणी कुलूप तोडून घुसलं म्हणजे? जबाबदार कोण?"

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, त्यामुळे मी मागे सरकलो. अम्मांची सून बोलली. तिने नळाचा पाइप अंगठ्याने दाबून धरला होता. "घुसायचं असतं तर कवाच घुसलो असतो साहेब. किल्ली ह्यांच्या खिळ्यालाच व्हती. आमी रोज वरनं खाली येतोय, कुलपाच्या समोरनं. हात लावला का?"

बाबूंनी घर उघडून बघितलं. एक काच फुटलेली, एक नळ गळका. मी म्हणालो, काच आणि नळ आम्ही बसवून घेतो. ते म्हणाले, "तसं करता येत नाही." पण जाताना त्यांनी फळ्याचा मोबाइलवर फोटो काढला. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "अर्जाची तारीख फळ्यावर लिहा. वर दाखवायला बरं."

मी लिहिली. 'पाहणी झाली. काच व नळ बाकी.' पुढच्या खेपेला 'काच बसली. नळ बाकी.' मग 'नळ बसला. पत्र बाकी.' बायका घागरी भरता भरता मोठ्याने वाचायच्या, आणि 'पत्र बाकी' आलं की सगळ्या एका सुरात हुंकार भरायच्या. आणि एका पाण्याला पत्र आलं, अम्मांच्या मुलाच्या नावाचं. मी फळ्यावर 'घर दिले' लिहायला गेलो तर खडू मोडला, खडू लागलेल्या बोटानेच शेवटची मात्रा काढली.

अम्मांना खुर्चीत बसवून खाली आणलं. पुढची बाजू मी धरली, उलटा उतरत. हा मान माझाच, अशी माझी समजूत होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझ्या कमरेत काहीतरी कट्ट झालं आणि विणकर म्हणाला, "भाऊजी, तुमी लिवायचंच बगा." मग त्याने धरलं आणि मी मागून दोन्ही हात हवेत धरून, सांभाळा सांभाळा म्हणत उतरलो.

जिन्याजवळच्या दारात खुर्ची ठेवली. समोर फाटक, लिंब, आल्या-गेल्याची वर्दळ. अम्मा नुसतं बघत राहिल्या. आम्ही सगळे भोवती उभे, काहीतरी बोलतील म्हणून. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि हाताने मला बाजूला सारलं. "बाबा, सरक. ऊन आडवलंय."

त्या संध्याकाळी बायको माझ्या कमरेला मलम चोळत होती. खालून विड्यांच्या घोळक्याचा आवाज येत होता. मेहुण्याचा त्या रविवारनंतर फोन नव्हता, हे आम्ही दोघेही बोलत नव्हतो. भाऊबीज जवळ आली होती. मी शेवटी विचारलं, "येईल ना गं तो?"

तिचा हात थांबला नाही.

"येईल की. आनि न्हाय आला तर मीच जाईन अकलूजला. तितलं दार तरी उगडं ठेवलंय का त्यानं, बगून येते."